कुंकवाला न भिणारा लेप

मित्रांनो, खंडेनवमीच्या त्या दुपारी पंचफुलाबाईंनी मला पाटावर निजवून भरपूर हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि त्याचे पाणी माझ्या अंगावर शिंपडले. मला त्यात काही विशेष वाटले नाही. दर नवमीला असेच व्हायचे.

मी नेमबाजीच्या एका रायफलीचा बोल्ट आहे. वीतभर लांबीचे पोलाद, आता बरेच वय झालेले. काडतूस नळीत ढकलायचे, मागचे दार घट्ट लावून धरायचे आणि बार उडाला की रिकामे टरफल ओढून बाहेर टाकायचे, एवढेच माझे काम. नांदेडबाहेरच्या माळावर मुलामुलींना नेमबाजी शिकवणारी रेंज आहे, तिथे माझा मुक्काम. तिथल्या हत्यारांची देखभाल ग्यानोबा करायचे. पोलीस खात्याच्या शस्त्रागारात नोकरी करून ते निवृत्त झाले होते.

"अगं, हात जरा आखडता घे," ते बायकोला म्हणाले. "बोल्ट हाय तो, नवरदेव न्हाई."

"तुम्ही त्याला रोज तेलानं न्हाऊ घालता, तवा मी काही म्हणते का?" पंचफुलाबाईंनी आणखी एक चिमूट वाहिली.

त्यांची मुलगी अयोध्या हसू लागली. ती नांदेडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि रविवारी रेंजवर येऊन मुलींना नेम धरायला शिकवते. "नारळाचं पाणी लोखंडाला खातं, बाबा. किती वर्षं सांगून राहिले, निकेलचा लेप द्या याला."

"निकेल!" ग्यानोबांनी कपाळावर हात मारला. "पाव्हण्याला पाणी देतो त्या पेल्यासारखा चमकवायचा का? निकेल केलं की माणूस निर्धास्त होतो. पुसायचं सोडतो. पुसताना बोट फिरतं माय, आन् बोट फिरलं की बारीकशी चीरसुद्धा कळते."

"म्हणजे बोट फिरावं म्हणून गंज पाहिजे?"

"हाव! गंज नसता तर तू रोज माझ्याशी कशावर भांडली असतीस?"

असा त्यांचा वाद दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत चालायचा. मी दोघांच्या मधे पाटावर पडल्या पडल्या ऐकत असे. खरे सांगू? मला दोघांचेही पटायचे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मला कापले, घासले, तापवून टणक केले. शेवटी क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवून काळपट निळा रंग दिला. त्या रंगाला कांद्याच्या सालीइतकीही जाडी नव्हती. दिसायला मी फार देखणा होतो; मात्र घामेजलेल्या हाताचा ठसासुद्धा मला बाधायचा. पण ग्यानोबांच्या हाती आल्यापासून माझे अंग कोरडे कधी राहिले नाही. सकाळी सुती फडके, मग तेलाचे दोन थेंब, मग त्यांचा अंगठा. अर्धापूरची शिल्पा माझ्याच रायफलीवर शिकली आणि पदक घेऊन आली. केळीच्या बागेतून थेट आलेल्या तिच्या वडिलांनी नळीचे कौतुक केले, दस्त्याचे केले. माझ्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. ग्यानोबांनी तेवढे मला हळूच बाहेर काढले आणि म्हणाले, "तुलाबी शाबासकी रे बाबा."

पूजेचे हळदकुंकू रात्रभर तसेच ठेवायचे आणि दसऱ्याला सकाळी ग्यानोबांनी आम्हाला पुसून काढायचे, असा त्यांच्याकडचा रिवाज. त्या दसऱ्याच्या पहाटे ग्यानोबा झोपेतच गेले.

सुतकात रेंजवरची शस्त्रांची खोली कोणी उघडली नाही. आम्ही अंधारात पाटावर पडून होतो. नारळाच्या पाण्याने आपले काम सुरू केले, ओल्या कुंकवाने त्याला साथ दिली. दार उघडले तेव्हा अयोध्याने मला हातात घेतले आणि तिचा तळहात तांबूस झाला. ती पदराने पुसत राहिली, पण पदराने जाणारा तो गंज नव्हता.

माझ्यासारखा बोल्ट आता कुठे बनत नाही. गंज खोलवर गेला असेल तर मी भंगारात आणि माझी रायफल भिंतीवर शोभेला, हे तिला ठाऊक होते. वडिलांचा हात जिच्यावरून रोज फिरला, अशी तिच्याकडे उरलेली वस्तू मीच होतो.

परवान्याचे कागद सोबत घेऊन ती आईसह मला लातूरला घेऊन गेली. तिथे श्रीशैलचे बंदूकदुरुस्तीचे परवानाधारक दुकान आहे. त्याने भिंगातून मला उलटसुलट पाहिले. माझा जीव टांगणीला लागला होता.

"बाराचा जोर जिथं बसतो ती जागा शाबूत हाय, ताई," तो म्हणाला. "गंज वरवरचा हाय. काढला की बारके खड्डे राहतील, पण गडी चालंल. आता लेप कोणता? निकेल ना? ग्यानोबामामा मला सांगून गेलेत, पोरगी आली की निकेल म्हणंल, तू बहिरा हो."

अयोध्याला हसू फुटले आणि हसता हसताच डोळे भरून आले. "न्हाई. निळाच करा. बाबांच्या वेळी होता तसाच."

"आन् नवमीला?" पंचफुलाबाईंनी विचारले.

"पूजा फुलांनी करू, आई. पाणी नको, कुंकू नको. आता पुसायला बाबा..."

"कुंकू मी लावणार." पंचफुलाबाई स्टुलावर ताठ बसल्या. "चार बायका मला सांगून गेल्या, आता तू हळदकुंकवाला हात लावायचा न्हाईस. माणूस गेलं म्हणून माझा हात बाटला का? दर साली मी लावत आले, पुढंबी मीच लावणार. नारळबी फोडणार. कोण नको म्हणतंय ते बघतेच."

श्रीशैलने भिंग खाली ठेवले. अयोध्या आईकडे पाहतच राहिली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "श्रीशैलभाऊ, कुंकवाला भिणार नाही असा लेप सांगा."

"क्रोम लई कडक. पण कोपऱ्यांवर जाड चढतो, हा मापात बसायचा न्हाई. निकेल सगळीकडं सारखं चढतं, पाण्याला दाद देत न्हाई. पण ह्या खड्ड्यांवरून कुठं टवका उडाला तर गंज आतल्या आत चालतो, वरून पत्ता लागत न्हाई. तिसरा फॉस्फेट. खरखरीत असतो, बारीक छिद्रांचा, तेल पिऊन बसतो. तेल पाजून पूजा करा, दुसऱ्या दिवशी पुसा, काही होत न्हाई. पण रोज तेल पाहिजे. आन् दिसायला तव्यासारखा, आधीच सांगतो."

"रोज बोट फिरवावं लागेल म्हणजे," अयोध्या म्हणाली.

"लागंल की."

"मग तोच द्या."

"तव्यासारखा तर तव्यासारखा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पुरणपोळी काय चांदीच्या ताटावर भाजतात?"

श्रीशैल इतका हसला की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

मित्रांनो, माझी निळाई गेली. गंज निघाला, मग मला वाफाळत्या टाकीत बुडवले आणि मी राखाडी-काळा होऊन बाहेर आलो. आधी मी जरा हिरमुसलो. पण तेलाचा पहिला थेंब अंगात मुरला आणि इतकी तृप्ती वाटली म्हणून सांगू! रेंजवर मुलींनी मला गराडा घातला. शिल्पा ओरडली, "मॅडम, किती पितोय हा!"

"पिऊ दे. उपाशी होता. आजपासून तुमच्या पाळ्या लावते, आणि नुसतं पुसायचं नाही. बोट फिरवायचं. चीर लागली तर मला सांगायचं."

आता रोज नवी बोटे माझ्यावरून फिरतात. कुणाची मेंदीची, कुणाची शाईची, कुणाची केळीच्या चिकाने काळी पडलेली. एक विनंती करतो, मित्रांनो. तुमची सायकल असो, शिलाईचे यंत्र असो की घरातले म्हातारे माणूस, वरून ठीक दिसते म्हणून सोडून देऊ नका. दिवसातून एकदा हात लावून पाहा.

लातूरहून परतलो त्या दिवशी मुली गेल्यावर अयोध्याने मला रायफलीत बसवून पाच बार काढले. मी एकदाही अडलो नाही. मग तिने मला बाहेर काढले, पुसले आणि माझ्यावरून अंगठा फिरवला. माळावर वारा सुटला होता. ग्यानोबा बसायचे त्या समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, मला निकेल कधीच नको होतं. तुमच्याशी भांडत बसायला मिळायचं ना, ते लई आवडायचं मला. लई."