तेविसावी पट्टी

पट्ट्या बावीस लागणार होत्या. रुफीनाने मांजरपाट ओट्यावर पसरला, चार बोटं रुंदी धरून कातरायला घेतला, आणि सातव्या पट्टीपाशी तिचा हात जो थांबला तो थांबलाच.

"मावशी, कात्री अडली काय?" पेरपेताने विचारलं.

"न्हाय गो. डोळं भरून आलं. उजेड हाय ना समोर."

उजेड कसला डोंबलाचा. सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन अजून चिंचेच्या पलीकडेच होतं. पण पेरपेता तेरा वर्षांची, आईवेगळी, बाप जहाजावर खलाशी. तिने मावशीच्या शब्दावर कधी शंका घ्यायची नाही असा जणू नेमच केला होता. तीच तर खरी अडचण होती.

बिशप येणार होता. खाडीच्या अल्याडच्या या वाडीत चौदा वर्षांनी बिशपचं पाऊल लागणार, म्हणून छत्तीस सालच्या त्या माघात घरंदारं सारवून झाली, देवळाला चुना लागला, आणि बावीस पोरं क्रिज्मसाठी तयार व्हायला लागली. तान्हं असताना बाप्तिस्मा होतो, तेव्हा पोराला कोण विचारतंय? जाणत्या वयात तोच बाप्तिस्मा बिशपच्या हातून पक्का करून घ्यायचा, तो क्रिज्म. जन्मात एकदाच. बिशप कपाळाला पवित्र तेल लावतो, गालावर चापट मारतो, पुढे येशूसाठी मार खायची तयारी ठेव म्हणून. मग तेल ओघळू नये म्हणून कपाळाला पांढरी पट्टी बांधतात. पोरीच्या मागे तिची मदरीन, म्हणजे मानलेली आई, खांद्यावर उजवा हात ठेवून उभी राहते. आणि मदरीनचा स्वतःचा क्रिज्म झालेला पाहिजे, हा नियम.

पेरपेताची मदरीन रुफीना व्हायची होती. आणि रुफीनाचा क्रिज्म झालेलाच नव्हता.

हे साऱ्या वाडीत एकट्या तिलाच ठाऊक. अठरा वर्षं झाली, नवरा वारल्यापासून ती देवळाच्या ओसरीवर पोरांना प्रार्थना शिकवत होती. अर्धी वाडी तिच्या हाताखालून गेलेली. कुणाचं 'आमच्या बापा' अडखळलं तर आयाच म्हणायच्या, जा, रुफीमावशीकडे बस जरा. अशा बाईला कोण विचारणार, तुझं स्वतःचं झालंय का म्हणून?

झालं होतं असं. रुफीना नऊ वर्षांची. तेव्हा बिशप पलीकडे चौलच्या बाजूला उतरला होता, आणि वाडीतली पोरं होडीने खाडी ओलांडून गेली होती. उपाशीपोटी जायचं, पाण्याचा थेंबही नाही, असं बजावलेलं. शिकवणारा मास्तर मोठा तिरसट. उपास मोडून जो बिशपपुढे जाईल त्याची जीभ तिथल्या तिथे काळी पडेल, असं त्याने पोरांच्या मनात भरवून ठेवलेलं. आणि होडीत शेजारच्या बाईने ओल्या खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. भूक लागलेली पोर, तिने खाल्ला. गिळल्यावर आठवलं. मग काय, रांग देवळात शिरली तशी ही मागच्या मागे सटकली आणि विहिरीच्या आड जाऊन बसली. आतून गाण्याचे आवाज येत होते आणि ही जीभ बाहेर काढकाढून बघत होती. रांग बाहेर आली तेव्हा दाराशी टोपलीत एक पट्टी उरलेली होती. तिने ती उचलली आणि आपल्याच हाताने कपाळाला बांधली.

घरी आल्यावर आईने त्या पट्टीवर ओठ टेकवले. आजीने टेकवले. इतक्या मुक्यांनंतर त्या पोरीने तोंड कसं उघडावं, तुम्हीच सांगा. आज सांगू, उद्या सांगू करता करता आईच गेली. पुढचा बिशप आला तेव्हा रुफीना सव्वीस वर्षांची, पोरांना शिकवणारी. कुणी मदरीन हो म्हटलं की ती म्हणायची, मला रांग सांभाळायचीय बाई, दुसरी बघ. असं निभावलं.

पण पेरपेताला दुसरी कुठली बघणार? तिला रुफीनाखेरीज होतं कोण?

"मावशी, तेल लावलं की कसं वाटतं?" पोरगी रोज विचारायची. कधी पाणी ओढताना, कधी मासळी निवडताना.

"गरम," रुफीना म्हणायची. "कपाळ गरम होतं. मग छातीत उतरतं."

पहिल्यांदा तोंडातून आपोआप निघून गेलं, आणि मग तेच चालू राहिलं. पेरपेताने तर ते मनात पक्कं धरलं होतं. तिला चापटीची फार भीती. बाप घरी असला की दारू पिऊन मारायचा, तेव्हापासून कुणाचा हात वर झाला की ती डोळे मिटून घ्यायची. "गरम वाटलं की चापट लागत न्हाय ना?" असं ती वरून विचारायची, आणि रुफीना मान हलवायची.

बिशपचा रविवार आठ दिवसांवर आला तेव्हा पाद्रीने मिसेच्या प्रार्थनेनंतर सांगितलं की मदरीन व्हायच्या सगळ्या बायांची नावं क्रिज्मच्या जुन्या वहीत बघितली जातील. पाद्री नवीन, वसईकडचा, वयाने लहान आणि कामाला काटेकोर. जुनी वही पलीकडून मागवली आहे म्हणाला. त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना. खाडीत होडी दिसली की वही आली, असं वाटायचं. भात करपला, कालवणात मीठ दोनदा पडलं. शेजारची एस्परांस, तिच्याच वयाची, लहानपणी त्याच होडीतून आलेली, म्हणाली, "तुला बिशपची काळजी का पोरांची?" रुफीना म्हणाली पोरांची.

गुरुवारी वही आली. पाद्रीने ओसरीवरच फडकं सोडलं, आणि आतून मातीचा भुगा सांडला. वाळवी लागली होती. पुठ्ठा तेवढा शाबूत, पानांची चाळण झालेली. पाद्रीने दोन-तीन पानं उलटली आणि ती बोटातच तुटली.

"गेली," तो म्हणाला. "आता तोंडीच विचारायचं. ज्याने त्याने देवाला स्मरून सांगावं." एकेक बाई पुढे येऊन सांगू लागली. रुफीनाची पाळी आली तशी त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "तुला काय विचारायचं, रुफीनाबाय?" म्हणाला आणि नाव लिहून टाकलं.

सुटली म्हणावं तर सुटलीच होती. घरी येऊन ती चुलीपुढे बसली आणि सुटल्यासारखं वाटायची वाट बघू लागली. ते काही वाटेना. उलट इतके दिवस वहीची भीती होती तेव्हा निदान कुणीतरी पकडेल अशी एक सोय होती. आता पकडणारं कुणी उरलं नाही. तिने पेटी उघडली. तळाशी, लुगड्याखाली, ती पट्टी होती. एकतीस वर्षांची, पिवळी पडलेली. देवळातली म्हणून जाळता येईना, चोरलेली म्हणून कुणाला दाखवता येईना.

शनिवारी सकाळी पोरांची पापांची कबुली झाली, मग मदरीनांची. रुफीना शेवटी गेली. जाळीपलीकडे पाद्रीचा कान तेवढा दिसत होता. तिने सगळं सांगितलं, खोबरं, विहीर, पट्टी, आणि पेरपेताला सांगितलेलं ते गरम तेल. सांगताना एकदाही रडली नाही, रडायलाही तिला लाज वाटली.



"उद्या पोरांच्या रांगेत उभी राहा, बिशप तुला तेल लावेल," पाद्री म्हणाला. "पण इथं बोललीस ते इथंच गाडलं गेलं. मला त्यावरून तुझं नाव खोडता येणार नाही, कुणाला एक अक्षर सांगता येणार नाही. उद्या तू मदरीन म्हणून उभी राहिलीस तरी मी डोळ्यानेसुद्धा खुणावणार नाही. हे तुला बाहेर येऊन, उजेडात, पुन्हा सांगावं लागेल."

म्हणजे एकदा सांगून भागणार नव्हतं. जे एकदा सांगायला एकतीस वर्षं लागली ते पुन्हा सांगायचं, आणि तेही सगळ्यांदेखत. रुफीना म्हणाली, बरं. आणि तिथून उठताना तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की ती सांगणार आहे का.

रविवारी दहाच्या भरतीला बिशपचा मचवा लागला. ओसरीवर बावीस पोरं, पांढरे कपडे, प्रत्येकाच्या हातात आपापली पट्टी. बाया मागे उभ्या. पाद्री यादी घेऊन दाराशी आला. पेरपेताने मागे वळून रुफीनाचा हात शोधला आणि आपल्या खांद्यावर ठेवून घेतला.

"मावशी, गरम वाटतं ना? नक्की?"

रुफीनाने हात काढून घेतला.

"मला ठाऊक न्हाय, पोरी," ती म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला, बाया वळल्या. "मला कधी तेल लागलंच न्हाय. मी तेव्हा खोबरं खाल्लं आणि विहिरीमागं बसले. पट्टी माझी मीच बांधली. गरम वाटतं ते मी मनानं सांगितलं तुला. पाद्रीबाब, माझं नाव खोडा. मी मदरीन व्हायला लायक न्हाय."

मागे एक बाई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. आमच्या पोरांना अठरा वर्षं हीच शिकवत होती काय, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते रुफीनाला स्पष्ट ऐकू आलं. ते ऐकू येईल हे तिने धरलंच होतं. तिला भीती एकाच तोंडाची होती, आणि ते तोंड पांढरंफटक पडलं होतं. पेरपेता तिच्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पाद्रीने पेन्सिल काढली. "पेरपेताच्या मागे कोण?"

"मी," एस्परांस म्हणाली. पुढे येताना ती रुफीनापाशी थांबली. "आणि हिच्याही मागं मीच. दोघींच्या मागं चालतं ना?"

"चालतं," पाद्री म्हणाला. तेविसावं नाव लिहिताना त्याने मान खालीच ठेवली.

रुफीना रांगेत सर्वांत शेवटी उभी राहिली. पुढची पोरं तिच्या कमरेला येत होती. कनवटीला खोचलेली ती पिवळी पट्टी तिने काढून हातात धरली. रांग आत सरकत गेली. बिशप म्हातारा होता, खुर्चीवर बसूनच तेल लावत होता. रुफीनाचं सगळं लक्ष पेरपेतावर. पोरगी गुडघ्यावर बसली, बिशपचा हात वर झाला, तिने डोळे घट्ट मिटले. रुफीनाने मागे उभ्या उभ्या आपलेही मिटले. उघडले तेव्हा पेरपेता उठली होती आणि एस्परांस तिची पट्टी बांधत होती.

पोरं तेल लावून घेऊन भिंतीच्या कडेने मागे परतत होती. पेरपेता जवळ आली. पुढे निघून जाईल, रुफीना मनात म्हणाली, आणि जावंच तिने. पण ती थांबली. पट्टी जरा डोळ्यांवर आलेली, तिने ती वर सारली.

"थंड असतं, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "तेल थंड असतं. आणि चापट लागत न्हाय. तू घाबरू नको."

रुफीनाची पाळी आली. ती गुडघ्यावर बसली, खांद्यावर एस्परांसचा हात आला. बिशपने अंगठा तेलात बुडवला आणि तिच्या कपाळावर क्रूस काढला. तेल थंडच होतं. मग त्याने तिच्या गालाला हात लावला, इतका हलका की झोपलेल्या लेकराला लावावा, आणि लातिन भाषेत म्हणाला, तुला शांती असो. एवढ्याच्या भीतीने ती एकतीस वर्षं विहिरीमागे बसली होती. आणि तिथेच, बिशपच्या पायाशी, तिला रडू फुटलं.

एस्परांस पट्टी घ्यायला वाकली, पण पेरपेता भिंतीकडून परत आली होती. तिने रुफीनाच्या मुठीतून ती पिवळी पट्टी काढून घेतली आणि मागे उभी राहून गाठ मारली, पुन्हा सुटू नये म्हणून दोनदा.