नर म्हणून दिलेला बेडूक

“मामा, हा बोलतच नाही हो,” असं म्हणत टेलिफोनवाल्या ताईंनी जाळीच्या झाकणाची पेटी चाचपत टेबलावर ठेवली.

पाळीव प्राण्यांच्या त्या दुकानात बेडूकमामांना सव्वीस वर्षं झाली होती. मासे, पक्षी, ससे बघायला दुसरी माणसं होती. मागच्या भिंतीच्या काचपेट्या आणि त्यांतले झाडबेडूक हे खातं एकट्या मामांचं. नर कोणता, मादी कोणती असं कुणी विचारलं, की मालक नुसतं मागे बोट दाखवायचे. मामा बेडूक हलक्या हाताने उचलून त्याचा गळा बघत. मादी अंगाने थोराड, तिचा गळा पांढरा, घट्ट. नराच्या गळ्याची कातडी सैल आणि जराशी मळकट, कारण ओरडताना तीच फुग्यासारखी फुगते. पण वर्षभराच्या बेडकांत हे धड दिसत नाही. मग मामा एकेकाला वेगळं काढून पाण्याचा फवारा मारत, पेटीवर काळं फडकं टाकत आणि कान देऊन उभे राहत. ओरडला तर नर. यात त्यांची चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ताई इस्पितळात टेलिफोनवर बसत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. आई होती तोवर घरात दिवसभर काहीतरी वाजत असे; ती गेली आणि घर मुकं झालं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्या दुकानात आल्या होत्या. “नरच द्या हं मामा. मला तो दिसायचा नाही, निदान ऐकू तरी यायला हवा,” असं त्यांनी बजावलं होतं आणि मामांनी अर्धा तास खपून बोटाएवढा एक हिरवा बेडूक निवडून दिला होता.

आता तो मुळीच बोलत नाही म्हटल्यावर मामांनी आधी नेहमीची समजूत घातली. जागा नवी असली की काही काही बेडूक बुजतात. मग त्यांनी फवारा मारला, फडकं टाकलं आणि त्याची कड उचलून आत पाहिलं. बेडकाचा गळा भराभर हलत होता.

“हे बघा, लागला की बोलायला,” मामा म्हणाले.

ताईंनी मान कलती केली. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

“आत्ता बोलतोय?”

“चालूच आहे ना त्याचं.”

ताई पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मामा, काहीच वाजत नाहीये.”

मामा हसले. बाहेर गाड्यांचा गोंगाट फार, असं काहीसं बोलले. ताईंनी ते ऐकून घेतलं. मग तशाच हळू आवाजात विचारलं, “मघाशी मी दार ढकललं तेव्हा घंटी वाजली. ऐकलीत?”

मामांनी दाराकडे पाहिलं. वर चिमुकली पितळी घंटी टांगलेली होती. तिथे घंटी आहे हे त्यांना माहीत होतं. ती वाजते हे कधी विसरायला झालं ते मात्र आठवेना.

तेवढ्यात मालकांनी पुढून विचारलं, ताईंची काही तक्रार आहे का. “नाही हो,” ताई म्हणाल्या, “किडे किती घालायचे ते विचारत होते.” आणि पेटी छातीशी धरून, काठी टेकत त्या निघून गेल्या.

त्या दुपारी मामांनी लहान जातीचे सगळे बेडूक एकेक करून फडक्याखाली ठेवले. गळे हलत होते. श्वास घेताना मादीचाही हलतो, हे नवशिक्यालासुद्धा ठाऊक असतं. पलीकडच्या पेटीतला मोठ्या जातीचा बेडूक तेवढा घसा खरवडल्यासारखा ओरडला आणि तो त्यांना स्वच्छ ऐकू आला. बारक्यांचा टिकटिक आवाज, जो आपण रोज ऐकत आलो असं ते समजत होते, तो कानात नव्हताच. नुसत्या सवयीत होता. किती महिने आपण अंदाजाने नर-मादी सांगत आलो, याचा हिशेब लावायला त्यांचं मन धजेना.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

“मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही,” ती म्हणाली. “म्हणून मग मी बोलणंच कमी केलं.”

मामांनी ते तिला दोनदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा ऐकू आलं म्हणून.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आधी बारीक आवाज जातात, जाडे मागे राहतात. गेलेले परत यायचे नाहीत. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं समजेल. बेडकाचं काही ते सांगू शकत नव्हते.

मालकांना मामांनी स्वतःच सांगितलं. मालक म्हणाले, काम सोडायची गोष्ट काढू नका, खाद्याचं आणि पेट्या धुण्याचं बघा. बेडूक सशांकडच्या बाईंकडे गेले. मामांनी त्यांना हातचं काही राखून न ठेवता शिकवलं: गळा कसा बघायचा, आणि विणीच्या हंगामात नराच्या अंगठ्याला येणारा तपकिरी, खरबरीत चट्टा कुठे चाचपायचा. शेवटी त्यांना ऐकायला लावून एक बारका नर निवडून घेतला. “नक्की?” असं मामांनी चारदा विचारलं. चौथ्यांदा बाई जरा वैतागल्याच.

तो बेडूक घेऊन मामा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ताईंच्या घरी गेले. चुकून मादी दिली, ती परत नेतो, असं ते वाटेत पाठ केल्यासारखं बोलून गेले. ताई म्हणाल्या, “तिलाही राहू द्या. घरात एक न बोलणारं माणूस असलं तर काय बिघडलं?”

खिडकीखालच्या टेबलावर दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मामांनी नव्या पेटीत फवारा मारला आणि दोघं समोरासमोर बसली. उजेड उतरत गेला. ताईंनी दिवा लावला नाही. त्यांना त्याची गरज नव्हती आणि मामांनी मागितला नाही. बेडकाचा गळा वाटाण्याएवढा फुगल्यासारखा वाटला, पण आता त्यांचा आपल्या डोळ्यांवरही भरवसा उरला नव्हता.

मग ताईंची मान कलली. चेहरा सैलावला. काय झालं ते विचारावं असं मामांच्या ओठांवर आलं, तोच ताईंचं बोट टेबलावर हलू लागलं. टिचकी, टिचकी, मध्ये थोडी उसंत, पुन्हा टिचकी. मामा पुढे सरकून त्या बोटाकडे बघत राहिले, आणि ते थांबलं की पुन्हा सुरू व्हायची वाट बघत राहिले.