मधासारखा हंबकर

दादाची अट सरळ होती. पाठमोरं बसून दोन हंबकरमधला फरक सांगायचा. जमलं तर शाळेच्या स्पर्धेला त्याची गिटार माझी, नाहीतर मी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवायच्या.

हंबकर म्हणजे गिटारच्या तारांखालची दोन वेटोळ्यांची डबी. ती तारांचा आवाज उचलते आणि मधली घूंघूं गिळते. दादाच्या गिटारला अशा दोन, एक वर मानेजवळ आणि एक खाली; खालची बदलायची होती. दुरुस्तीवाल्या काकांनी आधी खालची जुनी डबी वाजवून दाखवली. मग तारा काढल्या, नवी बसवली, तिच्या वायरी डाग देऊन जोडल्या आणि पुन्हा वाजवलं.

"आहाहा! नवी कशी मधासारखी!" दादाने डोळे मिटले.

"जुनीला धार होती पण," काका म्हणाले.

"मला दोन्ही अगदी सारख्याच वाटल्या," मी म्हणाले.

"गाढवापुढे वाचली गीता!" दादा म्हणाला. "बस टाळ्या वाजवत."

माझा चेहरा एवढासा झाला. पण कान माझेच ना, त्यांची बाजू मी नाही घेणार तर कोण? उठले आणि गिटार नीट पाहिली. कोणती डबी वाजावी ते निवडायचा खटका वरच्या डबीवर होता! म्हणजे दोन्ही वेळा वाजली ती मानेजवळची तिसरीच डबी. खालच्या जुनीने आणि नवीने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"दादा, मध कुठून गळत होता रे?"

काका चष्मा पुसू लागले. दादाचे कान लालबुंद.

"ने गिटार," तो पुटपुटला. "पण माझ्या बँडमध्ये कुणाला सांगायचं नाही हं!"

नाहीच सांगितलं. फक्त लिहिलंय.