दुसरा कागद

मी कागद बोलतोय, १८५१ सालच्या एका पत्राचा दुसरा कागद. केंब्रिजजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये पेटीत पडून आहे. पहिला कागद वर काचेखाली मिरवतोय. मिरवू दे बापडा, त्याचा काय दोष!

आम्हाला लिहिलं सॅम्युएलनं. जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यातून पळालेला तो गुलाम. अमेरिका तेव्हा पश्चिमेकडे पसरत होती. नवा मुलूख हाती आला की पुढाऱ्यांचं भांडण ठरलेलं: इथे गुलाम ठेवायचे की नाही? मग बसायचे, तडजोड करायचे. १८५० साली ठरलं, कॅलिफोर्नियात गुलामगिरी नको. बदल्यात पळालेला गुलाम गुलामबंदी असलेल्या उत्तरेत सापडला तरी धरून परत द्यायचा. पुढारी सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेले. सॅम्युएलला मात्र उत्तरेतलं बॉस्टन सोडून इंग्लंड गाठावं लागलं.

त्या तडजोडीला मत देणाऱ्या एका सेनेटरला त्यानं हे पत्र लिहिलं. पहिल्या कागदावर इंग्लंडचं कौतुक. माझ्यावर मळ्यातच राहिलेली बायको हॅना आणि चार वर्षांची लेक ज्यूडी. शिवाय त्या मळ्याचा कापूस घेणाऱ्या इंग्लिश गिरणीवाल्याचं नाव. मळेवाल्याचा राग हॅनावर निघेल या भीतीनं त्यानं पत्र टाकलंच नाही.

इंग्लंडनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून २००७ साली इथे प्रदर्शन ठरलं. देणगी नेमकी त्याच गिरणीवाल्याच्या घराण्याची. ते म्हणाले, नाव तेवढं टाळा.

इथले कागद सांभाळणारी ऋजुता पुण्याची, व्हिसावर आलेली. माझ्या फाटक्या कडा तिनंच हलक्या हातानं जोडल्या होत्या. ही माझ्यासाठी भांडेल, असं मला वाटलं होतं.

"तुटेपर्यंत ताणू नये गं," ती मालविकाला म्हणाली. मालविका मेडनहेडची, इंग्लंडातच जन्मलेली, कॉलेजातून प्लेसमेंटवर, म्हणजे काम शिकायला आलेली विद्यार्थिनी. "एक डिस्प्लेला लावू, दुसरा बॉक्समध्ये. कुणी मागितला तर दाखवू. सगळेच खूश."

"हॅना पण?" मालविकानं विचारलं. "ताई, पण हा दोन्ही पेज एकच लेटर आहे ना?"

ऋजुतानं माझ्या पेटीचं झाकण लावलं. ती वाईट नाही हो, म्हणूनच जास्त लागलं.

दोन वर्षं झाली. मला कुणी मागितलं नाही. मी आहे हे कळलं तर मागतील ना! लोक वरचा कागद वाचतात, इंग्लंड किती भलं म्हणतात आणि चहाला जातात.

हॅना आणि ज्यूडी, ही दोन नावं माझ्याखेरीज कुठेही लिहिलेली नाहीत. कधी आलात, तर काउंटरवर दुसरा कागद मागा आणि मोठ्यानं वाचा. सॅम्युएलनंतर हॅनाचं नाव मालविकानं एकदा घेतलं. ज्यूडीचं अजून कुणीच घेतलेलं नाही.