नमुन्याचा संडास

नोकरीवर घेताना साहेब म्हणाले होते, "इथे तुला सगळ्या प्रकारचा अनुभव मिळेल." ते काही खोटं बोलले नव्हते. इमारतींचे आराखडे करणाऱ्या त्यांच्या ऑफिसात दोन वर्षांत धाकटीने शाळेच्या संडासांचे नकाशे काढले, बँकेच्या संडासांचे काढले, नाट्यगृहाच्या आणि दवाखान्याच्या संडासांचेही काढले. दर्शनी भाग, जिने, खिडक्या हे सगळं साहेब आणि त्यांचा भाचा आपसात वाटून घेत. ती घरातही धाकटी आणि ऑफिसातही धाकटी, त्यामुळे कोणालाच नको असलेलं काम आपसूक तिच्या टेबलावर यायचं.

तिला संडासांची किळस नव्हती. किळस होती ती साहेबांची. ते मोजपट्टीच्या कोपऱ्याने कान कोरायचे, निघालेला ऐवज निरखून बघायचे आणि तीच पट्टी तिच्या नकाशावर टेकवून सांगायचे, "ही भिंत जरा सरकव." भिंत सरकवण्याआधी ती कागद पुसून घ्यायची.

मग वृद्धनिवासाचं काम आलं. धाकटीने तिथल्या संडासांची दारं बाहेर उघडणारी काढली. हे शहाणपण तिच्या घरातून आलं होतं. तिची आत्या, अंगाने भारी आणि गुडघ्यांनी कामातून गेलेली, मागच्या वर्षी न्हाणीघरात पडली ती नेमकी दाराला टेकून. दार आत उघडणारं. ढकलावं तर तिच्याच बरगड्यांवर दाब यायचा. आत्या आत कण्हत होती आणि बाबा बाहेरून दार फोडत होते. तेव्हापासून तिथे नुसता पडदा आहे. आत्या अंघोळीला गेली की बाहेर कोणीतरी राखण करत बसतं.

साहेबांनी नकाशा बघून नाक मुरडलं. "दारं बाहेर? कॉरिडॉर किती घाण दिसतोय. सगळी आत घे."

"सर, आत कोणी पडलं तर दार उघडणारच नाही."

"पडतील कशाला? धरायला दांडे दिलेत ना." मग त्यांनी आवाज मऊ केला. "एवढं कर, आणि या इमारतीचा दर्शनी भाग तू काढ."

धाकटीच्या तोंडाला पाणी सुटलं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं समोर आलं, आणि तिने मुकाट्याने दारं आत घेतली. त्या दिवशी जेवताना आत्या समोर बसली होती. धाकटीला स्वतःचीच शिसारी आली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने दर्शनी भाग काढायला घेतला आणि जीव ओतून काढला.

सगळ्या खोल्या बांधण्याआधी मालकांना दाखवायला एक खोली आणि तिचा संडास पूर्ण करून ठेवतात, फरश्या, नळ, दारासकट. तशी ती झाली आणि निवासाच्या व्यवस्थापक बाई बघायला आल्या. संडासाला पाणी अजून जोडलेलं नव्हतं. तरी आठवडाभर कोणी ना कोणी तो वापरून गेलं होतं, आणि भांडं भरून फरशीवर आलं होतं. साहेबांनी अत्तर लावलेला रुमाल नाकाला धरला.

बाईंनी दार उघडझाप करून बघितलं. "आत कोणी पडलं तर?"

"सगळीकडे असंच असतं हो," साहेब हसले. "हिला विचारा ना. संडासातली आमची तज्ज्ञ आहे ही."

नुसती मान डोलावली असती तरी दर्शनी भाग तिचा होता. धाकटी आत गेली, दार ढकललं आणि त्या फरशीवर दाराला टेकून आडवी झाली. पाठीला गार, चिकट काहीतरी लागलं.

"मी पडलेय," ती आतून म्हणाली. "आता मला बाहेर काढा, सर."

साहेबांनी दार ढकललं. ते तिच्या कमरेत बसलं. पुन्हा ढकललं, पुन्हा बसलं. बाई म्हणाल्या, "थांबा. तिला लागतंय."

धाकटी उठून बाहेर आली तेव्हा साहेब हसतच उभे होते. "शाबास. मीच हिला सांगून ठेवलं होतं, बाईंना प्रत्यक्ष करून दाखव म्हणून."

बाईंनी त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे. "मग तुम्हीच का नाही झोपलात?" त्यांनी विचारलं. "सगळी दारं बाहेर उघडू देत."

गाडीपाशी साहेबांनी तिला हाताने थांबवलं. "सीट खराब होईल. तू चालत जा. आणि दर्शनी भाग आता भाचा बघेल."

ती चालत घरी आली. दारातच आत्याने नाकाला पदर लावला. "कुठे लोळून आलीस गं?"

"कामावर."

धाकटी पडद्याआड गेली आणि अंगावर पाणी ओतत राहिली. पाठीवरची घाण दोन बादल्यांत गेली. साहेबांचं ते "शाबास" मात्र काही केल्या निघेना. तिने पुन्हा साबण घेतला.

बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज झाला. आत्या गुडघे धरत, कण्हत त्यावर बसली.

"सावकाश कर," ती पडद्याबाहेरून म्हणाली. "पडलीस तर हाक मार. मी इथेच आहे."