गोलपोस्टासमोरचं गवत

सलूनवाल्याची बायको फुटबॉल खेळायची, आणि तीही गोलकीपर म्हणून. ही बातमी तो खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायचाच. गालाला साबण लागला की माणूस उठून पळू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायको बेकरीत कामाला होती. गावात चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या दोन टीम होत्या, एक वरच्या वस्तीची आणि एक खालच्या वस्तीची. वरच्या वस्तीच्या टीममध्ये तिला सगळ्याजणी ‘भिंत’ म्हणायच्या.

पण गेल्या मोसमापासून या भिंतीचं काहीतरी बिनसलं होतं. मैदानावर इतर ठिकाणी थोडंफार गवत होतं. गोलपोस्टासमोर मात्र पाय घासून घासून जमीन दगडासारखी झाली होती. तिथे तिने एकदा जीव खाऊन झेप घेतली आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलून निघाला. जखम भरली, पण भीती काही गेली नाही. आता चेंडू कोपऱ्यात आला की ती दोन पावलं टाकायची, हात लांबवायची आणि तिथेच थांबायची. अंग म्हणून टाकायची नाही.

एकदा जेवताना ती म्हणाली, “वय झालं हो माझं. यंदाची मॅच झाली की हातमोजे देऊन टाकते कुणाला तरी.”

सलूनवाल्याचा घास हातातच राहिला. “तुझं कसलं वय झालंय? दोष त्या जमिनीचा आहे. मी लावतो तिथे गवत.”

“तुम्ही? तुमच्या हातून कोरफड मेली! कोरफड मरते का कुणाच्या हातून?”

“ती आजारीच आली होती,” तो म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी पहार घेऊन मैदानावर हजर झाला.

हवा अशी होती, की सलूनमागे वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी काढावा तर सकाळपेक्षा जास्त ओला लागावा. त्या उकाड्यात त्याने घामाने निथळत जमीन खणली. वाळू आणि शेणखत मिसळलं. पाणी साचू नये म्हणून मधला भाग किंचित उंच ठेवला. मग गटाराच्या कडेला फोफावलेल्या रुंद पातीच्या गवताच्या कांड्या उपटून आणल्या आणि ओळीने खोचल्या. गडी कमरेतून वाकला तो वाकलेलाच राहिला.

आठवडाभराने तो धापा टाकत घरात शिरला. “फुटलं! अगं, फुटलं!”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. “काय फुटलं? कुठली बरणी?”

“गवत फुटलं गं! प्रत्येक कांडीला कोंब!”

उष्ण, दमट हवेत माणसाचा जीव नकोसा होतो, पण या गवताला तीच हवा मानवली. कांड्या एकमेकींकडे सरपटत गेल्या आणि बघता बघता गोलपोस्टासमोर हिरवा गालिचा पसरला. सलूनवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. लाडाच्या भरात त्याने गवताला मूठमूठ खत टाकलं. दुकान बंद केल्यावर रोज संध्याकाळी पाइपाने न्हाऊ घातलं. मैदानावरचं गवत कापायचं जुनं मशीन आणून, आपल्या धंद्याला शोभेल असा एकदम बारीक कट मारला.

आणि तिथेच माशी शिंकली. गवत आधी पिवळं पडलं. मग त्यात तपकिरी गोल उमटले, थाळीएवढे. असे गोल त्याने माणसांच्या डोक्यावर पाहिले होते. “चाई!” तो स्वतःशीच पुटपुटला. मॅच महिन्यावर आली होती.

गावात रोपवाटिका एकच. ती चालवणारी बाई बायकोची शाळेतली मैत्रीण होती, आणि खालच्या वस्तीच्या टीमची हुकमी खेळाडूही होती. तिच्या किकवरून तिला ‘तोफ’ म्हणत. शत्रूच्या दारात जायचं सलूनवाल्याच्या जिवावर आलं होतं, पण करतो काय? गवताचा एक तुकडा मातीसकट रुमालात बांधून तो गेला.

तोफेने रुमाल सोडला, पात हातात धरून उन्हात फिरवली. “भावजी, पाणी संध्याकाळी घालता ना?”

“हो. दिवसभर तापलेलं असतं बिचारं, म्हणून...”

“आणि रात्रभर त्याला ओल्या कपड्यांत झोपवता! बुरशी धरलीय याला. पाणी पहाटे घालायचं. एकदा भरपूर, मग माती सुकेपर्यंत नाही. खत बंद. आणि इतकं बारीक कापायचं नाही हो! गवत तीन बोटं उंच ठेवा, त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते.” मग तिने पातीचं टोक त्याच्या नाकासमोर धरलं. “हे बघा, चावल्यासारखं झालंय. सलून चालवता आणि बोथट पात्याने कापता?”

सलूनवाला कानापर्यंत लाल झाला. पण घरी जाताना त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. पाणी कमी, खत बंद, कापणं नाही. हे औषध आहे की उपासमार? पुढच्या महिन्यात जी बाई याच गोलात चेंडू मारणार, ती माझं भलं कशाला करेल? “मला बनवते काय!” असं म्हणत त्याने त्या संध्याकाळी दुप्पट पाणी घातलं, वर आणखी दोन मुठी खत.

चार दिवसांत गोल एकमेकांना मिळाले.

बायकोने त्याला मैदानावर गाठलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला होता. त्याने सगळं सांगितलं. ती इतकी हसली, की तिला पोट धरून खाली बसावं लागलं.

“अहो, ती होय! ती समोरच्या खेळाडूच्या बुटाची नाडी बांधून देईल आणि मग उठून गोल मारेल. खोटं खेळायला तिला येतच नाही. ती सांगते तसं करा गपचूप.”

मग मात्र सलूनवाल्याने कंबर कसली. रोगट पाती काढून दूर नेऊन टाकल्या. मशीनचं पातं दुकानात आणलं आणि दगडावर अशी धार लावली, की हातावरचे केस उडावेत. मशीनची चाकं उंच केली. बायको पहाटे बेकरीत गेली, की हा पाइप घेऊन मैदानावर. ऊन वर येईपर्यंत पाती कोरड्या खडखडीत व्हायच्या. आधी गोल वाढायचे थांबले. मग एका सकाळी त्याला एका गोलाच्या काठावरून आत डोकावणारा कोवळा हिरवा कोंब दिसला आणि तो एकटाच मोठ्याने ओरडला, “शाब्बास रे पठ्ठ्या!” झाडावरचे कावळे उडाले.

मॅचच्या आदल्या दिवशी खुर्चीत पंच बसला होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. गवताचं पुराण ऐकून तो साबणातून म्हणाला, “सुंदर! पण एकाच बाजूला लावलंय ना? हाफटाइमला बाजू बदलतात.”

वस्तरा हवेतच थांबला. महिनाभर ज्याला झोप नव्हती, त्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं! अर्धा वेळ बायको पलीकडच्या तसल्याच दगडासारख्या जमिनीवर उभी राहणार होती, आणि त्याच्या गवतावर खालच्या वस्तीची गोलकीपर लोळणार होती.

मॅचला दोन्ही वस्त्या लोटल्या. पहिल्या हाफात बायको उघड्या जमिनीच्या बाजूला आली. तोफेचा एक चेंडू कोपऱ्यात सुटला. भिंतीने दोन पावलं टाकली, हात लांबवला आणि थांबली. गोल! सलूनवाल्याने डोळे मिटून घेतले.

हाफटाइमनंतर ती गवतावर आली. तिने आधी बुटाने चाचपून पाहिलं, मग गुडघा टेकून तळहाताने दाबून पाहिलं. थोड्या वेळाने वरच्या वस्तीने बरोबरी केली आणि कल्लोळ उठला. कल्लोळ शमतो न शमतो तोच तोफ चेंडू घेऊन सुटली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि सगळं बळ लावून लाथ मारली. चेंडू थेट लांबच्या कोपऱ्याकडे निघाला.

आणि भिंत उडाली! पाय जमिनीवरून सुटले, अंग हवेत आडवं झालं. बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर ढकलला गेला. ती धप्पकन गवतावर पडली, एक कोलांटी खाल्ली आणि उठून उभी राहिली. हसत.

“पडली! अहो, पडली!” सलूनवाला नाचत मैदानात घुसला. “बायको पडली माझी!” लोकांना वाटलं, याला वेड लागलं. पंचाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

अगदी शेवटी उंच आलेल्या एका चेंडूवर खालच्या वस्तीच्या एकीने डोक्याने गोल मारला आणि मॅच वरची वस्ती हरली. पण त्याआधी भिंतीने आणखी तीनदा झेप घेतली होती, त्यातली एक तर अगदी विनाकारण.

शिट्टी वाजल्यावर तोफ येऊन गवतावर ऐसपैस आडवी झाली. भिंतही तिच्या शेजारी पसरली.

“शेवटचा गोल ऑफसाइड होता,” भिंत म्हणाली.

“चल! डोळे तपासून घे. आणि भावजी, त्या खांबापाशी अजून एक डाग आहे हं.”

“आता दुसऱ्या बाजूलाही लावायला सांग त्यांना. हातमोजे नवे घ्यायचेत मला, जुने फाटले.”

सलूनवाला कमरेवर हात ठेवून दोघींसमोर उभा राहिला. “उठा बघू दोघी! गवत दबतंय माझं.”

कुणीच हललं नाही. दोघी ऑफसाइडवरून पुन्हा भांडायला लागल्या. शेवटी त्याने चपला काढल्या आणि तोही खाली बसला.