जळबाच्या मागून म्हणायचं

साखरा गावात कुणी जळबाला काही विचारलं की उत्तर केशरबाई द्यायची. "जेवलात का, दादा?" म्हटलं की आतून आवाज, "जेवले आत्ताच, पिठलं-भाकर." "औंदा तूर कशी हाय?" तर, "बरी हाय, पण फुलगळ झाली." जळबा आपला बाजेवर बसून बोलणाऱ्याकडं बघत राहायचा. बायकोनं नवऱ्याचं तोंड बटईनं कसायला घेतलंय, असं गावातली टवाळ माणसं म्हणायची. म्हणू देत. केशरबाईला धास्ती वेगळीच होती.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात जळबाच्या छातीत कळ आली. हिंगोली जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती, तरी जिवावर बेतलं की माणसं नांदेडचीच वाट धरायची. तिथं दवाखान्याच्या खाटेवर, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत त्याचं काळीज बंद पडलं. डॉक्टरांनी छाती दाबली, करंट दिला, आणि बऱ्याच वेळानं ते पुन्हा चालू झालं. गावाला ही गोष्ट इतकी आवडली की महिनाभर दुसरा विषय नव्हता. मरून परत आलेला माणूस बघायला पार कनेरगाव नाक्यापासून पाहुणे आले. वर काय दिसलं, म्हणून विचारायचे. जळबाला वरचं तर सोडाच, त्या आठवड्यातलं खालचंही काही आठवत नव्हतं.

दिसायला तोच जळबा घरी आला होता. पण एकच गोष्ट तो दहादा विचारायचा. शेताकडं निघायचा आणि अर्ध्या वाटेत, आपण कुठं चाललो होतो, म्हणून उभा राहायचा. चहात साखर कमी पडली म्हणून एकदा कप फेकला, आणि मग खापऱ्या गोळा करत हमसून हमसून रडला. हा तो माणूस, ज्यानं सगळ्या संसारात बायकोवर आवाज चढवला नव्हता.

सुट्टी देताना डॉक्टरांनी केशरबाईला बाजूला घेऊन समजावलं होतं. काळीज थांबलं तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळालं नाही, त्याला मार बसलाय. विसरतील, चिडतील, उदास होतील. हे वेड नाही. हळूहळू सुधारेल, पण सगळंच नाही. त्यांना माणसांत ठेवा, आणि माणसांना हे सांगून ठेवा.

केशरबाईनं ते कुणालाच सांगितलं नाही. "याचं डोकं गेलं" असं गावात एकदा कुणी म्हटलं की ते पुसता येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यात जळबा बौद्धाचार्य. साखऱ्यातलं लग्न असो की बारसं, त्रिशरण-पंचशील त्यानंच द्यायचं. त्यानं एकेक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी हात जोडून ती मागून म्हणायची. हातात कधी पुस्तक घेतलं नाही. त्यालाच आता मधली ओळ सुटते, हे कळल्यावर त्याला कोण विचारणार? म्हणून तिनं एक थाप ठोकून दिली, डॉक्टरनं मोठ्यानं बोलायला बंदी केलीय. लोकांना ती पटली. लग्नं लावायला सेनगावहून रवींद्र मास्तर यायला लागले.

इकडं जळबा बाजेवर बसून आटत गेला. हिवाळ्यात एका सकाळी केशरबाई अंगणात तूर पाखडत होती, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मला तितंच ऱ्हाऊ द्यायचं होतं. काहून आणलं परत?"

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. हा माणूस वाचला म्हणून तिनं गल्लीत पेढे वाटले होते. आता तो डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा चालला होता, आणि या वेळी कुठं दाबायचं ते तिला कळत नव्हतं. त्या दिवशी ती फार घाबरली.

त्याच आठवड्यात शेजारची रुक्माबाई आली. तिच्या सरिताचं लग्न ठरलं होतं.

"पोरगी म्हणून राहिली, जळबाकाकानं लावलं तरच लगीन. रवींद्र मास्तर नको म्हणते."

"आगं, त्यायला डॉक्टरनं..." केशरबाईनं सुरुवात केली.

"लावतो मी," जळबा म्हणाला.

एवढ्या महिन्यांत त्यानं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट होती. नाही म्हणायला केशरबाईची जीभ रेटेना.

मग तिनं त्याची उजळणी चालू केली. भाकरी थापता थापता ती त्याच्याकडून पंचशील म्हणवून घ्यायची. कधी तो झरझर म्हणून जायचा, की हिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. कधी दुसऱ्या शीलापाशी अडकून तेच पुन्हा म्हणायचा. शेवटी तिनं ठरवलं, आपण त्याच्या पाठीशी बसायचं आणि अडलं की पदराआडून हळूच सांगायचं. कुणाला पत्ता लागणार नाही.

लग्नाला मांडव भरला होता. पांढऱ्या साडीतली सरिता आणि तिचा नवरा पुढं बसले. जळबानं मेणबत्ती लावली आणि माईक धरला. त्रिशरण बिनचूक झालं. पहिलं शील झालं, दुसरं झालं. मग तो थांबला. आणि दुसरंच पुन्हा म्हणाला.

लोकांनीही ते पुन्हा म्हटलं.

त्यानं तिसऱ्यांदाही तेच म्हटलं. लोकांनी, जरा बिचकत, तेही म्हटलं. वऱ्हाडातला एक जण खाकरला. केशरबाई पदर तोंडाशी धरून पुढं वाकली, पण जळबानं मागं न बघताच हात वर करून तिला थांबवलं. मग माईकमधून, शीलाच्याच संथ चालीवर, तो म्हणाला, "मला पुढचं आठवत न्हाई."

हात जोडून बसलेला अख्खा मांडव एका सुरात म्हणाला, "मला पुढचं आठवत न्हाई."

लेकरांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

आपण काय म्हणून बसलो हे एकेकाच्या ध्यानात यायला लागलं, आणि कुणाला कुणाकडं बघवेना. केशरबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात माईकमधून खुसखुस ऐकू आली. जळबा हसत होता. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, खांदे गदगद हलवत हसत होता. मग सगळा मांडव हसला, नवरीसुद्धा.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "खरंच आठवत न्हाई, बाबांनो. काळीज बंद पडलं तवा डोक्याला मार बसला. कवा आठवतं, कवा न्हाई. राग येतो, रडू येतं. येडा न्हाई झालो मी. लपवून लपवून लई तकलीफ झाली, मला बी आन् हिला बी."

मग बायकांतून म्हातारी सोजराबाई उठली. "जळबा, आमच्या लेकरायला हे कुणी शिकवलं? तूच ना? मंग आता आमी म्हणतो. तू मागून म्हण."

आणि तिनं तिसरं शील उचललं. मांडवानं तिच्या मागून म्हटलं, आणि जळबानंही हात जोडून, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हटलं. केशरबाईला रडू आवरेना, आणि या वेळी तिनं ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळबानं विचारलं, "काल कुणाचं लगीन होतं?"

एवढं सगळं झालं आणि ते याच्यापाशी राहिलंच नाही. तरी केशरबाईनं सांगितलं, सगळं पहिल्यापासून. तो पोट धरून हसला. दुपारी त्यानं पुन्हा तेच विचारलं. ती तोंड उघडणार तोच दारावरून चाललेली सोजराबाई थांबली, उंबऱ्यावर बसली आणि तिनंच सांगायला घेतलं. माईक, मांडव, लेकरं. वर पदरचा मीठमसाला घालून म्हणाली, "आन् मंग वरातीत तू असा नाचला, असा नाचला का इचारू नको."

"नाचलो बिचलो न्हाई मी," जळबा म्हणाला. "येवढं मला आठवतंय."

त्याला खरंच आठवत होतं, की स्वतःचा स्वभाव तेवढा ठाऊक होता, ते केशरबाईनं विचारलं नाही. तिनं चुलीवर तिघांचा चहा ठेवला.